प्रश्न अकरावा : गावी जाल का?

सुयोग धुरीला फॉर्मवरची कोरी जागा सहन होत नसे. बँकेचा असो, सिमकार्डाचा असो, 'असल्यास' असं छापलेल्या ओळीतही तो नसलेलं काहीतरी भरून मोकळा होई. या शिस्तीचं घरात कौतुक होतं. त्या कौतुकाची फळं मार्च महिन्यात यायला लागली.

तो मुलुंडच्या एका कॉलेजात ऑप्टोमेट्री शिकत होता. म्हणजे डोळे तपासायचे, चष्म्याचे नंबर काढायचे, आणि घरच्यांनी पाहुण्यांना "आमचा डोळ्यांचा डॉक्टर" अशी ओळख करून दिली की पहिल्या दोन वेळा दुरुस्ती करायची, तिसऱ्यांदा गप्प बसायचं. चौथं वर्ष इंटर्नशिपचं. ते मेअखेर संपणार होतं, आणि ते संपल्याच्या दाखल्यावर मधुवंती मॅडमची सही लागणार होती. याच मॅडम पीएच.डी. करत होत्या. विषय होता, 'ऑप्टोमेट्रीच्या विद्यार्थ्यांची पदवीनंतर ग्रामीण भागात काम करण्याची तयारी'.

मॅडमनी वर्गात चाळीस फॉर्म वाटले. "नाव लिहायचं नाही. अगदी मोकळेपणाने उत्तरं द्या," त्या म्हणाल्या, आणि मोकळेपणा नीट चाललाय ना हे बघायला बाकांमधून फिरू लागल्या.

अकरावा प्रश्न असा : पदवीनंतर तुम्ही ग्रामीण भागात काम कराल का? हो, नाही, सांगता येत नाही. 'हो' असल्यास कुठे व केव्हापासून?

"काय लिहितोयस?" शेजारच्या श्रुतिकाने विचारलं. ती बोरिवलीची. तिच्या मते दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे जंगल सुरू होतं.

"नाही लिहितोय. पवईचं फिक्स झालंय ना माझं."

"वेडा आहेस का रे? सही कोणाची हवीये? अक्षर ओळखतात त्या सगळ्यांचं. 'हो' लिही आणि सुट."

"पण खरं विचारलंय ना."

"खरं कुठे विचारलंय? तयारी विचारलीये. तयारी काय, सगळ्यांचीच असते यार. जायचंय कोणाला?"

हा मुद्दा सुयोगला पटला. पवईच्या एका मोठ्या चष्म्याच्या शोरूममध्ये त्याची नोकरी आदल्याच दिवशी पक्की झाली होती. एक जूनला हजर व्हायचं होतं. पत्र हातात आल्यावर घरी चकित करू, म्हणून तो अजून घरी बोलला नव्हता. त्याने 'हो'वर खूण केली. इथवर तो बाकीच्या वर्गासारखाच वागला. पण खाली ठिपक्यांची ओळ होती आणि ती कोरी होती. तिथे त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मु. पो. धामणखोल, देवळाशेजारची शाळा. १ जूनपासून.' गाव वडिलांचं, तोंडपाठ होतं. तारीख पवईची, डोक्यात होती.

मॅडमनी घरी जाऊन मोजणी केली. चाळीसांत अडतीस 'हो', एक 'सांगता येत नाही', आणि एका हुशाराने तिन्हीवर खुणा केलेल्या. अडतीसपैकी सदतीस जणांनी ठिपक्यांच्या ओळीला हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुयोगला बोलावणं आलं.

"फॉर्मवर नाव नाहीये," मॅडम म्हणाल्या, "पण धामणखोलचा वर्गात तू एकटाच. मला सांग, शाळेच्या खोलीचीही चौकशी करून ठेवलीस?"

"मॅडम, म्हणजे तसं नाही..."

"लाजू नकोस. बारा वर्षं शिकवतेय मी. जाणार म्हणणारे ढीगभर पाहिले, पत्ता सांगणारा तू पहिला." त्यांच्या टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा होता. वरच्या दाखल्यावर सहीची जागा मोकळी दिसत होती. सुयोगने तिकडे बघितलं आणि म्हणाला, "हो मॅडम."

अभ्यासू बाईंनी धामणखोल हे नाव इंटरनेटवर शोधलं. सापडली ती एकच गोष्ट : 'धामणखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई' यांच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका. खाली चिटणिसांचा नंबर होता. चिटणीस होते श्री. चंद्रप्रकाश धुरी, घाटकोपर, भटवाडी. म्हणजे सुयोगचे वडील.

कोकणातली गावं लहान असतात, त्यांची मुंबईतली मंडळं मोठी. धामणखोलात घरं बासष्ट, त्यातल्या एकतीस घरांना कुलपं. मंडळाचे सभासद मात्र चारशे अकरा. दर सर्वसाधारण सभेत चंद्रप्रकाश उठून म्हणत, "शिकलेल्या पोरांनी आता गावाकडे बघायला पाहिजे." आणि दर सभेत अध्यक्ष विद्याधर राणे शांतपणे विचारत, "सुरुवात कोणाच्या घरापासून करायची, धुरी?" वीस वर्षं हा संवाद एकाही शब्दाची भर न पडता चालू होता. खुद्द चंद्रप्रकाश चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा "आता कायमचा गावी" असं जाहीर करून, सत्काराची शाल घेऊन, घाटकोपरलाच परत आले होते. गणपतीचे पाच दिवस ते गावी जात. परतीचं तिकीट लवकरचं मिळालं तर चार.

अशा माणसाला मॅडमचा फोन आला.

संध्याकाळी सुयोग घरी पोचला तेव्हा वडील पेढ्यांचा पुडा हातात धरून दारातच उभे होते.

"बापाला बाहेरच्या बाईकडून कळतं होय रे?" त्यांनी पुडा त्याच्यापुढे धरला. "एक शब्द बोलला नाहीस घरात!"

"बाबा, ऐका ना, ते फॉर्ममध्ये होतं म्हणून..."

"माहितीये! फॉर्ममध्ये लिहिलंस, तोंडाने मिरवला नाहीस. ह्याला म्हणतात संस्कार." त्यांनी गळ्यातल्या टॉवेलने डोळे पुसले. "विद्याधरला लगेच फोन लावला. म्हटलं, धुऱ्यांच्या घरापासून. अर्धा मिनिट बोललाच नाही तो. मला वाटलं फोन कट झाला."

आई, मालन, स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "ज्याला गॅसवर दूध ठेवलं तर समोर उभं राहून उतू घालवता येतं, तो गावी एकटा राहणार?"

"तू गप गं. मुलगा मोठा झालाय."

"कधी झाला? सकाळी तर टॉवेल मी दिला," मालन म्हणाली आणि पेढा न घेता आत गेली.

सुयोगने पेढा घेतला. तो तोंडात असताना खरं बोलता येण्यासारखं नव्हतं, आणि तो संपेपर्यंत वडिलांनी तिसरा फोन लावला होता.

एप्रिलभर तो रोज सकाळी ठरवी की आज सांगायचं. पण रोज गावाकडून काहीतरी नवीन येई. आधी शाळेच्या खोलीला चुना लागल्याचा फोटो आला. मग दारावर रंगवलेली पाटी आली, 'धामणखोल नेत्रसेवा केंद्र'. मग कणकवलीच्या एका सलूनवाल्याने जुनी वर-खाली होणारी खुर्ची दिली. तिच्यावर बसलेल्या सरपंचांचा फोटो आला. खुर्चीच्या फोटोनंतर तर सांगणं फारच अवघड झालं. पवईचं पत्र आलं, ते त्याने कपाटात हिवाळी कपड्यांखाली ठेवलं. मुंबईत हिवाळी कपडे कोणी काढत नाही, एवढा त्याचा अंदाज बरोबर होता.

मे महिन्यात वडिलांनी जेवताना सहज सांगितलं, "अठ्ठावीस माणसं थांबलीत तुझ्यासाठी. कोणाला नंबर काढायचाय, कोणाचा बदलायचाय. सरपंचाने सांगितलंय, आता कुडाळला जायचं नाही, आपला माणूस येतोय."

सुयोगने हातातला घास परत ताटात ठेवला. "थांबलीत कशाला? जाऊ दे ना त्यांना!"

"बघ," वडील मालनला म्हणाले, "आत्तापासून पेशंटची काळजी."

मंडळाचा गुणगौरव समारंभ एकतीस मे, रविवारी ठरला. प्रमुख पाहुण्या मधुवंती मॅडम. मंडळ सुयोगचा सत्कार करणार आणि मॅडम स्वतःच्या हाताने दाखला देणार. कार्यक्रम व्हिडिओ कॉलवरून गावच्या शाळेत दिसणार होता.

शनिवारी दुपारी सरपंचांच्या मोबाइलवरून लवू आबांचा फोन आला. आबा वडिलांचे चुलते, वय चौऱ्याहत्तर, गावातल्या एकतीस उघड्या घरांपैकी एकात एकटेच राहणारे. सुयोगला लहानपणी खांद्यावर घेऊन त्यांनी दशावतार दाखवला होता.

"काय रे डागतर, तयारी झाली?"

"हो आबा. तुम्ही बरे ना?"

"मी बरोच असंय. डोळो जरा गडबड करता. सांजचो बल्ब लावलो काय त्याच्या भोवती रंगीत कडा दिसता. देवाच्या फोटोत असता मा, तसा. आणि अर्धा कपाळ असा ठणकता! परवा उलटी पण झाली. मगे आपोआप बरा वाटला."

सुयोग खुर्चीवरून उठून उभा राहिला. चार वर्षांत वर्गात तो फारसा काही उभा राहून बोलला नव्हता, पण हे उत्तर त्याला येत होतं. दिव्याभोवती रंगीत कडं, डोकेदुखी, उलटी. डोळ्यातला दाब वाढतोय. वेळीच उतरवला नाही तर डोळा जातो, आणि गेलेला परत येत नाही.

"आबा, हे किती दिवस चाललंय?"

"झाले आठ-धा दिवस."

"आणि तुम्ही दवाखान्यात गेला नाहीत?"

"कशाक? तू सोमवारी येतलंस मा? सगळ्यांका सांगलंय, माजो नातू बघतलो, मगे काय ता."

"आबा, माझी वाट बघू नका. आत्ता निघा, तालुक्याला जा!"

"उगाच घाबरवू नको रे. धा दिवस काढलंय, दोन दिवसांत काय डोळो पळान जाता?" आणि आबांनी फोन ठेवला. सुयोगने परत लावला, तर सरपंचांनी उचलला. आबांना आजच न्या म्हटल्यावर ते म्हणाले, "परवा तू येतोच आहेस की," आणि खुर्चीला कव्हर कोणत्या रंगाचं शिवायचं ते विचारलं.

रविवारी घाटकोपरच्या शाळेच्या हॉलमध्ये दीडशे माणसं जमली. बाहेर बटाटेवडे तळले जात होते. व्यासपीठावर सुयोग मधोमध, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला विद्याधर राणे. समोर पडद्यावर धामणखोलची शाळा दिसत होती. पहिल्या बाकावर लवू आबा एक डोळा मिटून बसले होते. हॉलमधल्या सगळ्यांना वाटलं, ते कौतुकाने डोळा मारतायत. काहींनी परत मारला.

विद्याधरांनी भाषण केलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना धुरींचं कौतुक करावं लागत होतं, त्यामुळे ते एखादं औषध घ्यावं तसे बोलत होते. मग शाल आली, नारळ आला, भिंतीवरचं घड्याळ आलं. चंद्रप्रकाश पहिल्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ बसले होते. असे ताठ ते स्वतःच्या लग्नातही बसले नव्हते, असं मालन नंतर म्हणाली.

"आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील."

सुयोगने माइक धरला. दोन शब्द त्याने खरोखरच मोजून आणले होते.

"मी येणार नाही," तो म्हणाला. ते तीन झाले.

हॉलमध्ये कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, सवयीने, आणि मग थांबलं.

"मला पवईत नोकरी लागलीये. मार्चमध्येच. फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलं. मॅडमची सही हवी होती म्हणून 'हो' लिहिलं, आणि खाली जागा होती म्हणून गाव लिहिलं." वडिलांकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि तो दुसरीकडे कुठेच बघू शकत नव्हता. "आबा, ऐकताय ना? मी सोमवारी येणार नव्हतो. कधीच येणार नव्हतो. माझ्यासाठी थांबू नका. तुमचा डोळा जाईल आबा. जाईल म्हणजे खरंच जाईल."

चंद्रप्रकाश तसेच ताठ होते, फक्त त्यांची मान खाली गेली होती. विद्याधरांच्या चेहऱ्यावर आधी दुःख आलं, मग त्यांना आठवलं की आपल्याला दुःख व्हायचं कारण नाही. ते माइककडे सरकले. "आजकालची पिढी..." त्यांनी सुरुवात केली.

पण पडद्यावरून आबा बोलले.

"सुयोगा, तू येणा नाय ता माका पयल्यापासून म्हायत होता."

"मग थांबलात कशाला, आबा?"

आबांनी जरा मान खाजवली. "माका त्या दवाखान्याचो भय वाटता रे. शेजारणीक नेल्यानी, ती डोळ्याक पट्टी बांधूनच इली. कोण न्हेवक इलो काय मी सांगतंय, आमचो सुयोग येतलो. मगे कोण बोलणा नाय. तुजो मोठो आधार होतो माका."

हॉलमध्ये दोघेतिघे हसले. सुयोगला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. आपल्या खोट्याचा एवढा चांगला उपयोग कोणी केला असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ते राहू दे," चंद्रप्रकाश अचानक जागेवरूनच म्हणाले. "काकाला दवाखान्यात कोण नेणार? इथून उद्या कोण जातो?"

चारशे अकरातले दीडशे समोर होते. कोणाच्या मुलाची ॲडमिशन होती, कोणाची सोसायटीची मीटिंग, कोणाचा नुकताच बदललेला गुडघा. विद्याधरांनी घसा साफ केला. "मंडळातर्फे तीन जणांची समिती नेमू. पुढच्या रविवारी बैठक घेऊ."

"मी जातो," सुयोग म्हणाला.

विद्याधर त्याच्याकडे वळले. "अरे, आत्ताच तर नाही म्हणालास!"

"कायमचा नाही. उद्या जातो."

याला कोणी टाळी वाजवली नाही. आता त्याच्यावर विश्वास ठेवायचं कोणाला कारणही नव्हतं.

तो व्यासपीठावरून उतरताना मॅडमनी फाइल पुढे केली. "घे. दाखला."

"मॅडम, पण मी..."

"सही अकरा मार्चची आहे, बघ. तू फॉर्म भरलास त्याच्या दोन दिवस आधीची. काम चोख दिसलं की मी मेची वाट न बघता सही करून ठेवते. कामावर सही करते, उत्तरावर नाही." त्यांनी दाखला त्याच्या हातात ठेवला. "टेबलावरचा वरचा दाखला दुसऱ्याचा होता. विचारायचं होतंस."

सोमवारी पहाटे सुयोग बॅग घेऊन निघाला, तर दाराशी वडील चपला घालून उभे. कालपासून ते त्याच्याशी बोलले नव्हते. एसटीत खिडकीची जागा त्यांनी घेतली आणि पनवेलपर्यंत बाहेर बघत बसले. पवईच्या मॅनेजरना सुयोगने फोन केला, "सर, दोन दिवस उशिरा जॉइन होतो, गावी आजोबांचा डोळा..." पलीकडून उत्तर आलं, "ठीक आहे, पण पुढच्या वेळी जरा पटेल असं कारण सांग." माणगावला वडिलांनी दोन चहा आणले. एक त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "चार वर्षं झाली मला रिटायर होऊन." एवढंच. सुयोगने चहा घेतला. नेमकं काय म्हणायचंय ते दोघांनाही कळत होतं.

मंगळवारी सकाळी आबांना दोन्ही बाजूंनी धरून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच, मंगळवारी येत. त्यांनी दाब मोजला, परत मोजला, लगेच थेंब घातले, गोळ्या दिल्या, आणि तासाभराने पुन्हा मोजल्यावर खुर्चीत मागे टेकले.

"उतरतोय. गुरुवारी लेझरला जिल्ह्याला पाठवतो. हाही डोळा वाचेल आणि दुसराही. आणखी आठवडा गेला असता तर माझ्याकडे येऊन उपयोग नव्हता. तुम्हाला कोणी सांगितलं आणायला?"

चंद्रप्रकाशांनी सुयोगकडे बोट केलं. "हा ऑप्टोमेट्री शिकलाय." दोन दिवसांत मुलाबद्दल काढलेला हा पहिला शब्द, आणि 'डॉक्टर' न म्हणताही तो त्यांच्या तोंडून नीट निघाला.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "अरे वा. आमच्याकडे ती जागा दोन वर्षं रिकामी आहे. पाच जण येऊन गेले. पाचही जण हो म्हणाले."

"मग?"

"मग काय, हो म्हणून गेले. तुम्ही येणार?"

सुयोग खाली बघत म्हणाला, "नाही, सर."

डॉक्टरांनी हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली. मग त्यांनी पायाने एक स्टूल पुढे ढकललं. "बसा. पाचांपेक्षा तुम्ही बरे, निदान मी वाट बघणार नाही. आज संध्याकाळपर्यंत इथेच आहात ना? बाहेर बत्तीस माणसं बसलीत. नंबर तुम्ही काढा, बाकी मी बघतो."

सुयोग बसला. पायात घरच्या सपाता होत्या, अंगात प्रवासाचा शर्ट. दुपारी जेवायला उठायचं त्याला सुचलं नाही. वडील दाराशी उभे राहून नावं पुकारत होते, आणि रांग मोडणाऱ्यांना मंडळाच्या सभेत कधी न वापरलेल्या शब्दांत मागे पाठवत होते. आबा बाकावर आडवे होऊन घोरत होते.

शेवटच्या होत्या कमल नावाच्या एक आजी, तीन गाड्या बदलून आलेल्या. सुयोगने भिंगं बदलून बदलून त्यांना तक्ता वाचायला लावला. खालच्या ओळीपर्यंत पोचल्यावर त्यांचं तोंड आपोआप उघडं राहिलं. उठता उठता त्यांनी त्याचा हात धरला.

"पुढच्या खेपेक तुमीच असतलात मा हय?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तीन महिन्यांत ते तोंडात चांगलंच बसलं होतं. दाराशी वडील यादी हातात धरून थांबले होते, आणि त्यांनीही मान वर केली.

"नाही, आजी," सुयोग म्हणाला. "मी नसेन."

आजींनी त्याच्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत, काही नाही. परत खाली बसल्या, पदर सावरला आणि हनुवटी पुढे केली.

"बरा. मगे आजच नीट बघा."